लिस्सा, तव्वा आणि मुंधु

समजा, लंडनमधल्या एका दवाखान्यात कैरोहून आलेला एक माणूस पोटावर हात धरून बसलाय. डॉक्टर विचारतात, ‘हाउ लाँग हॅव यू हॅड द पेन?’ तो सांगतो, ‘थ्री डेज अगो.’ त्याला म्हणायचंय की तीन दिवस झाले, दुखायचं थांबतच नाही. डॉक्टरांना ऐकू येतं की तीन दिवसांपूर्वी दुखलं होतं. निवांत डॉक्टर आणखी दोन प्रश्न विचारून उलगडा करून घेईल. गर्दीच्या वेळी, मागे रांग लागलेली असताना, तो उलगडा राहूनही जाऊ शकतो.

या माणसाने इंग्रजीतल्या ‘प्रेझेंट परफेक्ट’ या काळाचा नियम पाठ केलेला असतो. हॅव किंवा हॅज, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. परीक्षेत गाळलेल्या जागाही त्याने बरोबर भरलेल्या असतात. घोळ होतो तो त्याच्या स्वतःच्या भाषेतल्या एका छोट्या शब्दापाशी, आणि तो शब्द त्याला कोणी सोडवून दाखवलेला नसतो.

तो शब्द म्हणजे ‘मुंधु’. बोलीत त्याच्या जागी बऱ्याचदा ‘मिन’ येतो. इंग्रजीतले सिन्स, फॉर आणि अगो हे तिन्ही शब्द अरबीत या एकाच दारातून आत जातात. ‘वसल्तु मुंधु सनतैन’ म्हणजे मी दोन वर्षांपूर्वी पोचलो. ‘अस्कुनु हुना मुंधु सनतैन’ म्हणजे मी दोन वर्षं इथे राहतोय. वेळ सांगणारे शब्द दोन्हीकडे अगदी तेच. तरी अरबी माणसाचा गोंधळ होत नाही, कारण फरक सांगायचं काम क्रियापदाकडे आहे. ‘वसल्तु’ हे माजी, म्हणजे होऊन गेलेल्या क्रियेचं रूप. ‘अस्कुनु’ हे मुदारी, म्हणजे चालू असलेल्या किंवा व्हायच्या क्रियेचं. इंग्रजीत मात्र वेळेचा शब्दही बदलावा लागतो आणि क्रियापदही. दोन बटणं एकदम दाबायची असतात आणि विद्यार्थी एकच दाबतो. म्हणून ‘आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स’ ऐकू येतं, आणि ‘आय हॅव सीन हिम टू इयर्स अगो’ही.

यावर उपाय आहे आणि तो फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येतो. मुंधुनंतर काय येतंय ते आधी बघायचं. 2015, रविवार, लहानपण असा एखादा ठरावीक बिंदू असेल तर ‘सिन्स’. मोजलेला काळ असेल, म्हणजे तीन दिवस, दोन वर्षं, तर क्रियापदाकडे वळायचं. ते माजी असेल तर ‘अगो’, आणि मग हॅवला हातही लावायचा नाही, साधा भूतकाळ. ते मुदारी असेल, किंवा ‘इंदी अलम’, म्हणजे ‘मला दुखतंय’, यासारखं क्रियापदच नसलेलं वाक्य असेल, तर ‘फॉर’ आणि सोबत हॅव. नकारातही हे बहुतेक जमतं. ‘लम् अरहु मुंधु सनतैन’ म्हणजे मी त्याला दोन वर्षं पाहिलेलं नाही. ‘लम्’च्या पुढे क्रियापद मुदारीच्या घाटाचं येतं, त्यामुळे कसोटी बरोबर ‘फॉर’कडे नेते. पण बोलीतला नकार ‘मा’ने होतो आणि त्याच्यापुढे माजी येतं: ‘मा शुफ्तु मिन सनतैन’. इथे कसोटी उलटी पडते. विद्यार्थी प्रामाणिकपणे माजी बघतो आणि ‘आय डिडन्ट सी हिम टू इयर्स अगो’ असं लिहितो. म्हणून चौथी ओळ फळ्यावर हवीच: नकार आणि मोजलेला काळ एकत्र आले की क्रियापद न बघता ‘फॉर’.

आणि दवाखान्यातल्या माणसाला तर एवढ्याचीही गरज नाही. ‘हाउ लाँग’ने सुरू होणाऱ्या प्रश्नाला ‘थ्री डेज’ एवढंच उत्तर अचूक इंग्रजी आहे. मागेपुढे काहीच लावायचं नाही. हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवं, काळांचा तक्ता कितीही पुढे असला तरी.

अम्मान, बैरूत, दमास्कसकडच्या बोलीत याच अर्थाचा एक सुंदर प्रयोग आहे आणि मराठी माणसाला तो ऐकता क्षणी ओळखीचा वाटेल. ‘सारली सने साकिन हून.’ यातला ‘सार’ म्हणजे झालं, ‘ली’ म्हणजे मला, ‘सने’ वर्ष, ‘साकिन’ राहता, ‘हून’ इथे. मला इथे राहून वर्ष झालं! आखाती बोलींतही हे ‘सार’ आहे. कैरोत त्याच कामाला ‘बआली’ येतो: ‘बआली सना साकिन हिना.’ ज्या विद्यार्थ्याला ‘मुंधु’चे तुकडे करणं जड जातं, त्याला सांगावं की तुझ्या तोंडात ‘सारली’ किंवा ‘बआली’ बसत असेल, तर इंग्रजीत ‘आय हॅव बीन’ येणार. हे सूत्र सहसा दगा देत नाही, कारण तो ते घरी बोलतो, पुस्तकातून शोधत नाही.

आपल्याकडे मात्र ‘वर्ष झालं’ असूनही आपण ‘पासून’च्या नादाने तेच चुकतो. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ हे पुण्यातही ऐकू येतं आणि दुबईतल्या कचेरीतही, आणि दुबईत तर शेजारच्या टेबलावरचा इजिप्शियन सहकारीही तेच म्हणत असतो. दोघांची वाट वेगळी, खड्डा एकच. त्यामुळे कोणी कोणाला दुरुस्त करत नाही. पुढे मात्र वाटा फुटतात. मराठीत ‘हे पुस्तक मी गेल्या वर्षी वाचलंय’ हे अगदी सहज आहे, म्हणून आपण हॅव नको तिथे घालतो. अरबी माणसाकडून तो बहुतेक वेळा हवा तिथेच सुटतो.

का सुटतो, हे नीट पाहण्यासारखं आहे. ‘अरबीत प्रेझेंट परफेक्ट नाही’ हे वाक्य शिक्षकांकडून सर्रास ऐकू येतं. क्रियापदाच्या रूपापुरतं ते खरं आहे. माजी, मुदारी आणि आज्ञार्थ, एवढीच मुख्य रूपं. पण अर्थाच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे आणि विद्यार्थ्याचं नुकसान करणारं आहे, कारण आपल्या भाषेत नसलेली काहीतरी परकी वस्तू शिकायची आहे अशी धास्ती त्याच्या मनात बसते. अर्थ सगळा आहे. फक्त तो एका कपाटात नाही, पाचसहा खणांत विभागलेला आहे.

सगळ्यात जुना खण ‘कद’चा. माजी रूपाच्या आधी कद आला की झालेली गोष्ट आत्ताच्या जवळ आणून ठेवली जाते. जगभरच्या मशिदींत रोज पाच वेळा जमात उभी राहण्याआधी इकामत म्हटली जाते, त्यात ‘कद कामतिस्सलाह’ हे शब्द येतात: नमाज उभी राहिली आहे. ती काल उभी राहिली असा अर्थ कोणाच्या मनात येत नाही. राहिली आहे, म्हणून चला, ओळीत या. हे एक वाक्य समोर ठेवलं की प्रेझेंट परफेक्टचा गाभा समजावायला वेगळं उदाहरण लागत नाही.

याची जोडी आठव्या शतकातच लावून ठेवलेली आहे. बसऱ्याच्या सीबवय्हने आपल्या व्याकरणग्रंथात नकाराचं प्रकरण लिहिताना सांगितलं की ‘फअल’, म्हणजे केलं, याचा नकार ‘लम् यफ्अल’. आणि ‘कद फअल’, म्हणजे केलं आहे, याचा नकार ‘लम्मा यफ्अल’. लम् म्हणजे नाही केलं, विषय संपला. लम्मा म्हणजे अजून केलेलं नाही, व्हायचं बाकी आहे. इंग्रजीतला ‘डिडन्ट’ आणि ‘हॅजन्ट येट’ यांच्यातला फरक याहून स्वच्छ मांडणं कठीण. आजच्या लिखाणात लम्माऐवजी ‘लम्’ आणि शेवटी ‘बअद’ अशी जोडी जास्त दिसते, पण शाळेत अरबी व्याकरण शिकलेल्या कोणालाही लम्मा माहीत असतो. इंग्रजीच्या वर्गात त्याची आठवण करून दिली जात नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

एक सावधगिरी मात्र हवी. हाच कद मुदारीच्या आधी आला तर अर्थ ‘कदाचित’ असा होतो. तेव्हा ‘कद म्हणजे हॅव’ असं समीकरण वहीत लिहून दिलं की आठवड्याभरात ‘मे’च्या जागी हॅव येऊ लागतो. कद आणि माजी अशी जोडीच लिहावी, सुटा कद कधीही नाही.

बाकीचे खण रोजच्या बोलण्यातले आहेत. इजिप्त आणि शामकडचा, म्हणजे अम्मान-दमास्कसच्या बाजूचा, ‘लिस्सा’: ‘लिस्सा वासिल’ म्हणजे आत्ताच पोचलाय, आणि नकारात तोच लिस्सा ‘अजून नाही’. आखातात ‘आत्ताच’साठी ‘तव्वा’, त्याचंच ‘तव्वनी’, मी आत्ताच. इंग्रजीतले जस्ट आणि येट इथे तयार बसलेले आहेत. ‘हल सबक लक अन...’ अशी सुरुवात झाली की ‘हॅव यू एव्हर’. सबक म्हणजे आधी घडणं. ‘उम्री मा शुफ्त’ म्हणजे उभ्या आयुष्यात पाहिलं नाही, तिथे ‘नेव्हर’. या शेवटच्याकडे लक्ष ठेवावं लागतं, कारण अरबीत उम्रीबरोबर ‘मा’ हा नकार लागतोच. विद्यार्थी तो सोबत घेऊन येतो आणि ‘आय नेव्हर डिडन्ट सी’ असं दुहेरी कुलूप लावतो.

उरला तो सगळ्यात नाजूक खण, कर्त्याचं विशेषण, म्हणजे वरच्या ‘साकिन’सारखा क्रियापदापासून बनलेला शब्द. बोलीत ‘अना वाकिल’ म्हणजे माझं जेवण झालंय, आता पोटात जागा नाही. हा प्रेझेंट परफेक्टच. पण ‘नायिम’ म्हणजे झोपलाय, आणि इथे इंग्रजीत ‘हॅज स्लेप्ट’ नाही, ‘इज स्लीपिंग’ हवं. आपलंही असंच आहे. ‘जेवलाय’ आणि ‘झोपलाय’ यांचा साचा एक, तरी ‘झोपलाय’ म्हणजे आत्ता झोपेत आहे. तसाच ‘रायिह’: तो निघालाय, वाटेत आहे किंवा निघायच्या बेतात आहे. ‘रायिह दुबई’चं ‘हॅज गॉन टू दुबई’ केलं तर माणूस बोलण्यात दुबईला पोचतो, प्रत्यक्षात घरी बूट घालत असतो. तेव्हा हा पूल खाणं, पिणं, लिहिणं, पोचणं अशा शेवट असलेल्या क्रियांपुरताच वापरावा. झोप, बसणं, कपडे अंगावर असणं आणि जाणं-येणं यांना तो लावू नये.

अरबी पाठ्यपुस्तकांत या काळाचं नाव ‘अल्-मुदारी अत्-ताम्म’ असतं. ताम्म म्हणजे पूर्ण. पण मुदारी हे तर विद्यार्थ्याच्या डोक्यात अपूर्ण क्रियेचं नाव आहे. नावातच दोन बैल दोन दिशांना ओढतात. मुदारी शब्द वाचला की हात आपोआप चालू रूपाकडे जातो आणि ‘आय लिव्ह’ बाहेर पडतं. नाव बदलणं आपल्या हातात नाही, पण पहिल्या तासाला ते बाजूला ठेवून ‘कद आणि लम्मा यांचा काळ’ असं म्हटलं तरी चालतं.

आता हॅव. अरबीत ‘जवळ असणं’ यासाठी हॅवसारखं रोजच्या वापरातलं क्रियापद नाही. ‘इंदी किताब’ म्हणजे माझ्यापाशी पुस्तक. इंद म्हणजे पाशी, ई म्हणजे माझ्या. आपलंही ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ असंच, फक्त त्यांच्याकडे ‘आहे’ही नाही. ‘अना तालिब’, मी विद्यार्थी, संपलं वाक्य. मग ज्याला एरवी आहे लागत नाही आणि हॅव माहीत नाही, त्याच्या ‘आय सीन’ आणि ‘ही गॉन’मध्ये नवल काय? ती शब्द गाळण्याची चूक नाही. त्याच्या भाषेत तिथे शब्दाची जागाच नाही.

ती जागा तयार करायला एक जुनी युक्ती उपयोगी पडते. इंग्रजीतला हा हॅव मुळात मालकीचाच होता: पत्र माझ्यापाशी लिहिलेलं आहे, यापासून मी पत्र लिहिलं आहे, असा तो सरकत आला. अरबीत ‘इंदी रिसाला मक्तूबा’ हे वाक्य सरळ उभं राहतं, माझ्यापाशी लिहिलेलं पत्र. यातला ‘मक्तूब’ म्हणजेच रिटन, क्रियापदाचं तिसरं रूप. मफ्ऊलचा, म्हणजे ‘केलेलं’ अशा अर्थाच्या शब्दांचा, हा साचा मराठी वाचकाला अनोळखी नाही. फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले मजकूर, मंजूर, मालूम, मशहूर, मशगूल हे सगळे त्याच साच्यातले. मजकूर म्हणजे उल्लेख केलेलं, मालूम म्हणजे जाणलेलं. अरबी विद्यार्थ्याला हा साचा रक्तात असतो. ‘रिटन म्हणजे मक्तूब, ब्रोकन म्हणजे मक्सूर, ओपन्ड म्हणजे मफ्तूह’ असं शिकवलं की तिसरं रूप हे भूतकाळाचं तिसरं भावंड वाटत नाही, विशेषण वाटतं, आणि ‘आय हॅव रोट’ कमी होतं. अडचण गो, कम, स्लीप अशा कर्म नसलेल्या क्रियांची. तिथे मफ्ऊल नाही, तेव्हा ती पाठच करावी लागतात.

पाठांतरातही अरबी भाषा हात देते. सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, बिगिन-बिगॅन-बिगन, स्विम-स्वॅम-स्वम, रिंग-रँग-रंग. व्यंजनं जागच्या जागी आणि आतला स्वर बदलला की अर्थ बदलला. धातू आणि वजन, म्हणजे धातूच्या व्यंजनांत स्वर भरायचा साचा, यांची सवय असलेल्या माणसाला हे ओळखीचं अंगण आहे: ‘कतब’ लिहिलं, ‘कुतिब’ लिहिलं गेलं, फरक फक्त स्वरांचा. अनियमित क्रियापदांची वर्णानुक्रमे लावलेली लांबलचक यादी देऊ नये. वजनांप्रमाणे गट करून, आठवड्याला पंधरा क्रियापदं पुरेत. एक काळजी घ्यायची. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत, त्यामुळे वाचताना डोळा व्यंजनांवरून पुढे सरकतो आणि रन-रॅन, कम-केम यांतला फरक कागदावर निसटतो. म्हणून हे गट आधी मोठ्याने म्हणायचे, मग लिहायचे, आणि लिहिताना स्वराचं अक्षर वेगळ्या रंगात.

कानाचा प्रश्न मात्र लोक फार हलक्यात घेतात. बोलताना ‘आय हॅव लिव्ड’ असं सुटं सहसा कोणी म्हणत नाही, ‘आय्व लिव्ड’ म्हणतात. प्रमाण अरबीत ‘व्ह’चा तो दात ओठावर टेकवून काढायचा ध्वनी नाही, त्याच्या जागी ‘फ’ येतो किंवा, पुढे दुसरं व्यंजन असलं की, काहीच येत नाही. ज्याला ‘आय्व’ आणि ‘आय’ यांतला फरक ऐकूच येत नाही, त्याने हजारदा प्रेझेंट परफेक्ट ऐकला तरी त्याच्या हिशेबी तो साधा भूतकाळच. यासाठी दहा वाक्यांचा सराव करावा: निम्मी ‘आय वर्क्ट देअर’ या घाटाची, निम्मी ‘आय्व वर्क्ट देअर’, क्रम उलटासुलटा, वेग नेहमीचा. ऐकणाऱ्याने एक किंवा दोन बोटं दाखवायची, बोलायचं काही नाही. दहापैकी आठ बरोबर येईपर्यंत बोलण्याचा सराव सुरू करण्यात अर्थ नाही. ‘हीज’ ऐकू आल्यावर पुढच्या शब्दाकडे बघायचं: इंग असेल तर इज, तिसरं रूप असेल तर बहुतेक हॅज.

काळाची रेघ काढतानाही जपावं. इंग्रजी पुस्तकांत भूतकाळ डावीकडे असतो. उजवीकडून लिहिणाऱ्याला ते तसं दिसेलच असं नाही. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात अरबी बोलणारी मुलं घटना उजवीकडून डावीकडे लावताना दिसली. रेघेवर बाण काढावा, ‘आत्ता’ हा शब्द ठळक लिहावा, आणि शक्य असेल तर विद्यार्थ्यालाच रेघ काढू द्यावी.

बीन आणि गॉनचा फरक एका वाक्यात उरकतो: जाऊन परत आला तर बीन, गेला आणि अजून तिथेच असला तर गॉन. अमेरिकन चित्रपटांत ‘डिड यू ईट येट?’ ऐकून विद्यार्थी शंका घेऊन येतात. तिकडे जस्ट, ऑलरेडी आणि येट यांच्याबरोबर साधा भूतकाळ चालतो, ब्रिटिश परीक्षेत हॅव घातलेला बरा, एवढं सांगून पुढे जावं. ‘पहिल्यांदाच बघतोय’ला अरबीत ‘अव्वल मर्रा अशूफ’, म्हणजे मुदारी. इंग्रजीत ‘द फर्स्ट टाइम आय्व सीन’. हा तुकडा नियम न सांगता आख्खा पाठ करून घ्यावा.

नोकरीच्या मुलाखतीत मात्र थोडं थांबायला हवं. ‘आय वर्क्ट देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हटलं की समोरच्याला कळतं, नोकरी सोडली. ‘आय्व वर्क्ट देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणजे अजून आहे. पाच वर्षं दोन्हीकडे पाच वर्षंच, पण एका ऐकू न आलेल्या ‘व्ह’ने माणूस बेकार ठरू शकतो. अर्ज लिहितानाही हेच.

सुरुवात कुठून करायची, तर माझ्या मते ‘येट’पासून. होकारातल्या वाक्यांआधी. विद्यार्थ्याला विचारायचं, ‘हॅव यू फिनिश्ड?’ तो मान हलवून पुटपुटतो, ‘लिस्सा’. तेवढ्यावरच त्याला अडवायचं आणि म्हणायचं, ‘नॉट येट’. हे दोन शब्द इंग्रजीत पुरं उत्तर आहे, कैरोतल्या त्याच्या लिस्साइतकंच पुरं. दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नाला ‘आय हॅवन्ट’, तिसऱ्या दिवशी ‘आय हॅवन्ट फिनिश्ड इट येट’. वही तोपर्यंत बंदच.